राष्ट्रीय रंगभूमी कुणाची? गो. पु. देशपांडे यांचा आक्षेप आणि ‘अभिजात’ नाटकाचा प्रश्न



आजचा विषय तसा जुना आहे. भारताला एक राष्ट्रीय रंगभूमी हवी का, आणि हवी असेल तर तिनं कोणती नाटकं करावीत, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत पुष्कळ चघळून झाला. मग तो आज का काढायचा? त्याला एक ताजं कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, सत्कार झाले, ते योग्यच. पण ‘अभिजात’ हा शब्द एकदा घरात आला की तो नुसता भिंतीवर टांगून ठेवता येत नाही, तो प्रश्न विचारायला लागतो. अभिजात भाषेत अभिजात नाटक कोणतं? ते कुठं बघायला मिळतं? आणि ते चालू ठेवायची जबाबदारी कुणाची?

या प्रश्नांवर मराठीत ज्यांनी सर्वांत कडक विचार केला त्यांत गो. पु. देशपांडे यांचं नाव मी वर ठेवतो. गोपुंचा जन्म १९३८ चा, २०१३ साली ते गेले. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ते चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. नाटकं मात्र मराठीत लिहिली. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, ‘अंधारयात्रा’, ‘चाणक्य विष्णुगुप्त’, ‘सत्यशोधक’ ही त्यांतली ठळक. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ १९७४ साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणलं. म्हणजे हा माणूस राजधानीत बसून देशाकडे बघत होता आणि लिहीत होता रहिमतपूरच्या मराठीत. ‘राष्ट्रीय’ या शब्दाकडे दोन्ही बाजूंनी बघायची सोय त्यांना आपोआप झाली होती.

१९८५ साली संगीत नाटक अकादमीच्या ‘संगीत नाटक’ या इंग्रजी नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. लोकनाट्य आणि अभिजात नाटक यांचं जे देव्हारे माजवणं चाललं होतं त्यावर तो लेख आहे. आज मी त्या लेखातली भूमिका, आणि पुढे त्यांनी इतरत्र मांडलेली भूमिका, आपल्यासमोर तपासायला घेणार आहे. तिचं मोठेपण आधी सांगतो, मग ती कुठं अपुरी पडते तेही सांगतो.

पण त्याआधी थोडा इतिहास. ‘राष्ट्रीय रंगभूमी’ ही कल्पना आली कुठून?

फ्रान्सचं सगळ्यांना ठाऊक असतं. चौदाव्या लुईच्या हुकमानं १६८० साली कोमेदी-फ्रान्सेज निघालं, मोलिएर जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. तिथं आधी राजा, मग रंगभूमी. जर्मनीत उलट झालं. १७६७ साली हाम्बुर्गमध्ये काही लोकांनी राष्ट्रीय रंगभूमी काढली आणि लेसिंग या नाटककाराला तिथं समीक्षक म्हणून बोलावलं. दोन वर्षांत दुकान बंद. लेसिंगनं शेवटी वैतागून लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की जर्मनांना राष्ट्रीय रंगभूमी द्यायला निघालो खरे, पण जर्मन अजून राष्ट्रच कुठं झालेत! जर्मनी एक व्हायला त्यानंतर आणखी शंभर वर्षं लागली, १८७१ साल उजाडलं. इंग्लंडात राष्ट्रीय रंगभूमीची पहिली मागणी १८४८ ची आणि प्रत्यक्ष नाटकमंडळी उभी राहिली १९६३ साली. शेक्सपिअर ज्यांच्या घरचा, त्यांना एकशे पंधरा वर्षं लागली. तेव्हा आपण उगीच कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. (हशा)

आपल्याकडे काय झालं? ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात ‘नॅशनल थिएटर’ सुरू झालं. पहिलं नाटक दीनबंधू मित्रांचं ‘नीलदर्पण’. निळीच्या मळेवाल्यांनी शेतकऱ्यांवर केलेल्या जुलमाचं नाटक. गिरीशचंद्र घोष हे त्या मंडळींतले मोठे नट, पण ते नावावरूनच बाजूला झाले. साधनं तुटपुंजी असताना ‘नॅशनल’ एवढं मोठं नाव लावू नये असं त्यांचं मत होतं. नाव राहिलं, आणि चार वर्षांनी, १८७६ साली, सरकारनं नाट्यप्रयोगांवर बंधनं घालणारा कायदा आणला. इकडे महाराष्ट्रात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं आणि १९१० साली त्यावर बंदी आली. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे कोण हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. पुढे ८ जुलै १९२१ रोजी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर. तो कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वातंत्र्याआधी नाटकाला ‘राष्ट्रीय’ हे विशेषण सरकार देत नव्हतं. सरकार ज्याला घाबरे ते नाटक राष्ट्रीय ठरे. आणि पैशाचा ओघही उलटा होता. राष्ट्र रंगभूमीला अनुदान देत नव्हतं, रंगभूमी राष्ट्राला वर्गणी देत होती.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटलं. २८ जानेवारी १९५३ ला संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं. १९५४ साली अकादमीनं दिल्लीत राष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरवला. तिथं मुंबई मराठी साहित्य संघानं केलेलं खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ गाजलं. १९५६ साली नाट्यपरिसंवाद झाला, १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघालं. हेतू चांगलेच होते. पण प्रश्न असा उभा राहिला, की भारतीय रंगभूमी म्हणून दाखवायचं काय? शहरांत शंभर वर्षं चाललेलं मराठी, बंगाली, गुजराती नाटक होतं. ते अनेकांना पुरेसं भारतीय वाटेना. त्याची चौकट विलायती, पडदे विलायती, नाट्यगृहं विलायती. मग भारतीय काय? तर एकीकडे संस्कृत नाटक आणि दुसरीकडे लोकनाट्य. सत्तरच्या दशकापासून या शोधानं जोर धरला. १९८४ साली अकादमीनं तरुण दिग्दर्शकांसाठी साहाय्य योजना काढली, तिचा कल पारंपरिक शैलींकडे होता. सुरेश अवस्थींनी या प्रवाहाला ‘मुळांची रंगभूमी’ असं नाव दिलं आणि तिचं समर्थन केलं.

गोपुंचा आक्षेप इथं सुरू होतो. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिला मुद्दा. ‘लोक’ आणि ‘अभिजात’ ही दोन टोकं धरली की मधली दीडशे वर्षं गळून पडतात. आणि आपण सगळे त्याच दीडशे वर्षांतून घडलेले आहोत. इंग्रजी राज्य, छापखाना, शाळा, जातिविरोधी चळवळी, स्वातंत्र्यलढा, कामगार संघटना हे सगळं त्या मधल्या काळातलं. शहरी नाटक या काळाचं अपत्य आहे, म्हणून ते उपरं ठरवायचं असेल तर आपणही उपरेच ठरतो.

दुसरा मुद्दा राजकारणाचा. गाव आणि प्राचीन काळ दोन्ही सरकारला सोयीचे असतात. तिथून आजच्या सत्तेला कुणी जाब विचारत नाही. मुखवटे, ढोल, रंगीत पागोटी यांचं राष्ट्रीयत्व पाहुण्यांना दाखवता येतं. ‘कीचकवध’चं राष्ट्रीयत्व पाहुण्यांना दाखवणं अवघड.

तिसरा मुद्दा मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठी रंगभूमी आहे, बंगाली आहे, कन्नड आहे, मल्याळम आहे. यांच्या पलीकडे, यांच्याहून वेगळी अशी ‘भारतीय रंगभूमी’ नावाची एक वस्तू कुठंतरी आहे आणि ती शोधून काढायची आहे, ही समजूतच चुकीची आहे.

गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ साली एक उदाहरण दिलं होतं. एक पाहुणा ऑक्सफर्डला येतो. त्याला महाविद्यालयं दाखवतात, ग्रंथालय दाखवतात, मैदानं, प्रयोगशाळा, कचेऱ्या दाखवतात. सगळं बघून तो विचारतो, हे ठीक, पण विद्यापीठ कुठं आहे? राइल म्हणतो ही कोटीची चूक आहे. विद्यापीठ ही आणखी एक इमारत नव्हे. जे पाहिलं त्याच्या परस्परांशी असलेल्या व्यवस्थेचं नाव विद्यापीठ. गोपु राइलचं नाव घेत नाहीत, हा जोड माझा. पण त्यांचा आक्षेप याच जातीचा आहे. सांगली पाहिली, कलकत्ता पाहिलं, उडुपीकडचं यक्षगान पाहिलं, आणि आता विचारतो की भारतीय रंगभूमी कुठं आहे!

गंमत अशी की ज्या भरताच्या नावानं एकाच भारतीय शैलीचा आग्रह धरला जातो, त्या भरतानं नाट्यशास्त्रात चार प्रवृत्ती सांगितल्यात: आवंती, दाक्षिणात्य, पांचाली आणि ओड्रमागधी. प्रदेशागणिक वेष वेगळा, भाषा वेगळी, चालरीत वेगळी, हे त्याला मान्य होतं. म्हणजे शास्त्रकार आपल्यापेक्षा सैल होता.

इथवर मी गोपुंच्या बरोबर आहे. आता ‘अभिजात’ या शब्दाकडे वळू, कारण इथून पुढे मला त्यांच्यापासून थोडं वेगळं व्हावं लागतं.

भाषेच्या बाबतीत सरकारी निकषांत प्राचीनता मुख्य आहे. दीड-दोन हजार वर्षांचं वाङ्मय दाखवा. आपण महाराष्ट्री प्राकृत दाखवली, ‘गाथासप्तशती’ दाखवली. ठीक. पण ही महाराष्ट्री संस्कृत नाटकात काय करत होती ते बघा. राजा संस्कृत बोलतो. शकुंतला आणि तिच्या सख्या शौरसेनीत बोलतात. आणि गायची वेळ आली की बायका महाराष्ट्रीत गातात. ‘मृच्छकटिक’ काढा, त्यात तर प्राकृतांचं संमेलनच आहे. तेव्हा दोन गोष्टी. एक, अभिजात नाटक एकभाषी कधीच नव्हतं. ज्यांना एक राष्ट्र, एक भाषा, एक रंगभूमी असं समीकरण हवंय त्यांना कालिदास साक्ष देणार नाही. दुसरी, त्या बहुभाषेत पायऱ्या होत्या. कुणी कोणती भाषा बोलायची ते लिंगावर आणि दर्जावर ठरे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. संगीत नाटकाचा आरंभ म्हणून आपण तो दिवस मानतो. पण त्यात आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. दुष्यंत आणि शकुंतला एकाच भाषेत बोलायला लागले, आणि ती भाषा मराठी. सगळी पात्रं भाषेच्या एका पायरीवर आली. शिवाय किर्लोस्करांना स्फूर्ती मिळाली ती पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहून, आणि चाली घेतल्या त्या कीर्तनातल्या, साक्या-दिंड्यांच्या, कर्नाटकी ढंगाच्या. त्याआधी १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तेही कर्नाटकातून आलेल्या खेळ्यांच्या धर्तीवर. म्हणजे आपण ज्याला मराठी रंगभूमीचं मूळ म्हणतो ते मूळच चार ठिकाणांहून आलेलं आहे. शुद्ध मूळ शोधायला गेलात तर हाताला माती लागेल, मूळ लागणार नाही.

मग अभिजात म्हणजे काय? गाडामर हा जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो त्याचा आशय असा, की अभिजात कृती जुनी असते म्हणून अभिजात नसते. ती प्रत्येक काळाला, जणू त्याच काळासाठी लिहिल्यासारखी, काही सांगत राहते. मी यात एक भर घालीन. नाटकाच्या बाबतीत सांगत राहण्यासाठी तिचा प्रयोग व्हावा लागतो. कविता कपाटात राहूनही वाचली जाते. कपाटातलं नाटक अर्धंच असतं.

‘भाऊबंदकी’चंच उदाहरण घ्या. नारायणराव पेशव्यांचा खून झालाय, राघोबादादा गादीवर आहेत, आणि रामशास्त्री त्यांना तोंडावर सांगतात की या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे. हे नाटक १९०९ सालचं, परक्या राज्यातलं. १९५४ साली ते दिल्लीला स्वतंत्र भारताच्या राजधानीत झालं. प्रश्न तोच राहिला, न्यायाधीशानं सत्तेसमोर उभं राहून काय बोलावं? परका राजा गेला तरी प्रश्न गेला नाही. याला मी अभिजात म्हणतो. यासाठी दोन हजार वर्षं लागत नाहीत. पन्नासही पुरतात, फक्त प्रयोग चालू पाहिजे.

आणि इथं आपली खरी अडचण आहे. आपली जुनी नाटकं आपण कशी जपलीत? गाण्यांत. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘सौभद्र’, ‘शारदा’ यांची पदं मैफलीत गायली जातात, स्पर्धेत गायली जातात, मोबाईलवर ऐकली जातात. खूप चांगलं आहे. पण पदांच्या मधलं गद्य, वाद, पेच, माणसांचं वागणं हे गळून गेलं. ‘शारदा’ हे जरठकुमारीविवाहावरचं नाटक, आज अनेकांच्या लेखी ते दोन-चार पदांपुरतं उरलंय. संस्कृत नाटकानं महाराष्ट्रीला गाण्यापुरतं ठेवलं होतं. आपणही आपल्या नाटकाला गाण्यापुरतं ठेवतोय. अभिजात दर्जा मिळूनही ती जुनी वाटणी आपण स्वतःच चालू ठेवली तर त्या दर्जाचा उपयोग काय?

आता गोपुंवरचे माझे आक्षेप. तीन आहेत.

पहिला. रूपाबद्दल त्यांनी जेवढा संशय घेतला तेवढा घ्यायची गरज नव्हती. लोकरूप म्हणजे आपोआप राजकारणाला बगल, असं होत नाही. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात झालं. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात खेळ्यांचं रूप आहे, कीर्तन आहे, नाच आहे, आणि विषय आहे सत्ता स्वतःसाठी एक राक्षस कसा पोसते आणि गरज संपली की त्याला कसा लोकांपुढे टाकते. तो प्रयोग सरकारी पाहुणचाराला सोयीचा होता का? एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेनं तो थांबवला आणि नव्या संस्थेनं तो पुन्हा उभा केला. मग तोडगा काय? रूप कुठून आलं हे विचारू नये, ते रूप कुणाला अडचणीत आणतं हे विचारावं. ही कसोटी गोपुंच्याच विचारातून निघते, पण लोकरूपांच्या बाबतीत त्यांनी ती पुरेशी वापरली नाही.

आणि याला सर्वांत जुनी साक्ष गोपुंच्या आवडत्या माणसाची आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. जोशीबुवा एका कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतात, असं कथानक. शेवटी ते नवरा-बायको रात्रीच्या शाळेची वाट धरतात. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, ते स्वीकारलं गेलं नाही. आता त्या नाटकात मधे मधे बोलणारा कोण आहे? विदूषक. संस्कृत नाटकातला म्हणा, तमाशातला सोंगाड्या म्हणा, फुल्यांनी त्याला उचलला आणि जोशी, कुणबी आणि पाद्री यांच्या मधोमध उभा केला. पोट भरणाऱ्या विनोदाऐवजी त्याच्या तोंडी प्रश्न दिले. ‘लोक’ आणि ‘अभिजात’ दोन्ही एकाच पात्रात, आणि विषय मधल्या त्या दीडशे वर्षांचा. गोपुंनी ज्याला आधुनिक म्हणून डोक्यावर घेतलं त्या फुल्यांना ही दोन टोकं वर्ज्य नव्हती.

दुसरा आक्षेप. गोपुंची नाटकं बोलतात. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ म्हणजे एका प्राध्यापकाची चौकशी, तिथं कृतीपेक्षा वाद मोठा. मला ते नाटक फार प्रिय आहे, प्राध्यापकाला ते प्रिय असणारच. पण त्याचा प्रेक्षक पुण्या-मुंबईचा, दिल्लीचा, पुस्तकं वाचलेला. रंगभूमी राजकीय व्हावी असं म्हणणाऱ्या नाटककारानं प्रेक्षक कोण हा प्रश्न उशिरा हाताळला. हाताळला मात्र जरूर. फुल्यांच्या जीवनावरचं ‘सत्यशोधक’ हे नाटक जलशाच्या अंगानं चालतं. आणि २०१२ साली अतुल पेठे यांनी ते पुणे महानगरपालिकेतल्या सफाई कामगारांना घेऊन केलं. झाडू हातात घेणारी माणसं फुल्यांचे शब्द बोलायला लागली. लोकरूपावर संशय घेणाऱ्या नाटककाराचं सर्वांत ताकदीचं नाटक जलशातून उभं राहावं, याला मी विसंगती म्हणत नाही. लेखापेक्षा नाटककार पुढे गेला, एवढंच म्हणतो.

तिसरा आक्षेप आपल्या बाजूचा, म्हणजे शिरपूरच्या बाजूचा. गोपु म्हणतात भारतीय रंगभूमी ही मराठी, बंगाली, कन्नड यांच्याहून वेगळी वस्तू नाही. मान्य. पण मग हाच न्याय एक पायरी खाली आणा. मराठी रंगभूमी तरी पुणे-मुंबईच्या नाटकाहून वेगळी कुठं मोजली जाते? तापीच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या तालुक्यात अहिराणी आहे, गुजरी आहे, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आहे, भिली आहे. भरताला चार प्रवृत्ती दिसल्या, आपल्या एका तालुक्यात तेवढ्या भाषा आहेत. वही गाणारी मंडळी आहेत, तमाशाची मोठी परंपरा खानदेशात आहे. दिल्लीच्या लेखी हे ‘लोक’, आणि पुण्याच्या लेखी सुद्धा हे ‘लोक’च. दिल्लीनं पुण्याला जे केलं म्हणून गोपु रागावले, तेच पुण्यानं खानदेशाला केलं. कलाकारांना महोत्सवात बोलवायचं, पंधरा मिनिटं सादर करायला लावायचं, फेटा बांधून फोटो काढायचा. त्यांच्याकडे म्हणायला काय आहे हे कुणी विचारत नाही. अहिराणीत आज एखाद्यानं कापसाच्या भावावर, धरणाच्या पाण्यावर, मुलींच्या शिक्षणावर तीन अंकी नाटक लिहिलं तर ते लोकनाट्य धरायचं की आधुनिक? गोपुंच्या मांडणीत या नाटकाला जागा असायला हवी. ती त्यांनी करून ठेवली नाही.

मग राष्ट्रीय रंगभूमीचा नादच सोडायचा का? नाही. राइलच्या पाहुण्याला उत्तर देताना आपण म्हणालो की विद्यापीठ म्हणजे त्या इमारतींमधली व्यवस्था. तर मग आपल्या रंगभूमींच्या मधली व्यवस्था कोणती? ती एकदा होती. साठ-सत्तरच्या दशकांत गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ तेंडुलकरांनी मराठीत आणलं. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हिंदीत गेलं. बादल सरकारांचं ‘एवं इंद्रजित’ बंगालीतून हिंदीत आणि इतरत्र गेलं. मोहन राकेशांचं ‘आधे अधूरे’ हिंदीतून मराठीत आलं. धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ मुंबईत सत्यदेव दुबेंनी केलं, १९६३ साली अल्काझींनी दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत केलं. ही राष्ट्रीय रंगभूमी कुणी स्थापन केली होती? कुणीच नाही. नाटककार एकमेकांना वाचत होते आणि भाषांतर करत होते. ती रंगभूमी भाषांतरात राहत होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. राष्ट्रीय रंगभूमी इमारतीनं होत नाही आणि शैलीनंही होत नाही. ती दोन सवयींनी होते. एक, निवडलेली नाटकं पुन्हा पुन्हा करण्याची सवय. दोन, शेजारच्या भाषेतलं नाटक आपल्या भाषेत आणण्याची सवय. यातली पहिली सवय अभिजाताला जिवंत ठेवते, दुसरी राष्ट्राला.

आपल्याकडे पायाभूत सोय नाही असं नाही. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा चालू आहे. जळगावसारख्या केंद्रांवर हौशी मंडळी पदरचे पैसे घालून नाटक बसवतात. मराठी नाटकातले कितीतरी प्रयोग या स्पर्धेनं वर आणले. पण स्पर्धेचा स्वभाव असा की निकाल लागला की ती संपते. महिनाभर तालीम, एक प्रयोग, आणि नेपथ्य पुन्हा माळ्यावर. अभिजात नाटकाचं आयुष्य निकालानंतर सुरू होतं. त्यासाठी स्पर्धेच्या जोडीला दुसरी रचना लागेल.

ती कशी, ते ढोबळ सांगतो. दरवर्षी दहा नाटकं ठरवा. त्यांत ‘तृतीय रत्न’ असू दे, ‘शारदा’ गद्यासकट असू दे, ‘भाऊबंदकी’ असू दे, ‘घाशीराम’ असू दे, एखादं ‘तुघलक’, एखादं ‘मृच्छकटिक’. आणि त्यांतली दोन तरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी अशा बोलींत, नुसता लहेजा घालून नव्हे, पूर्ण भाषांतर करून. ही नाटकं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मंडळींनी करावीत आणि आपापल्या तालुक्यांत फिरवावीत. बक्षीस नाही, क्रमांक नाही, प्रयोगाचा खर्च मात्र मिळायला हवा. धुळ्याला आणि जळगावला नाट्यगृहं आहेत, तालुक्याच्या गावी महाविद्यालयांची सभागृहं आहेत. अभिजात भाषेसाठी जे पैसे येतील ते प्राचीनतेच्या संशोधनावर जरूर खर्च करा, पण त्यातला एक वाटा प्रयोगांना द्या. शिलालेख जपणं आणि रामशास्त्र्यांचा प्रश्न दरवर्षी नव्या माणसाच्या तोंडून ऐकणं, दोन्ही अभिजाताचीच कामं आहेत.

यावर कुणी म्हणेल, सरकारी पैसा आला की तो रामशास्त्र्यांचा प्रश्न बोथट होईल. गोपुंनी हीच भीती घातली होती आणि ती खरी आहे. माझं उत्तर एवढंच, की नाटकांची यादी सरकारनं करू नये आणि ती एका गावात होऊ नये. पुणे, सांगली, नागपूर, धुळे, सगळ्यांच्या याद्या वेगळ्या निघोत. त्यांत भांडण होईल. व्हायलाच हवं. आपलं अभिजात कोणतं यावर भांडणारे लोक असतात तिथं ते अजून शिल्लक असतं.

तेव्हा प्रश्नोत्तरांकडे जाण्याआधी आपल्याला एक काम देतो. आपण जिथं कुठं हे ऐकत आहात तिथं आपल्या तालुक्यात शेवटचं संपूर्ण जुनं नाटक, पदांची मैफल नव्हे, पूर्ण नाटक, कधी आणि कुणी केलं ते विचारून बघा. आणि आपली स्वतःची पाच नाटकांची यादी करा. या मालेत पुढच्या वेळी भेटू तेव्हा त्या याद्यांवर बोलू, माझ्या यादीवरही यथेच्छ टीका करा.